डोळ्यांची साक्ष किती धरावी?



मागच्या व्याख्यानात आपण 'अवधान' या विषयापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर नेहमीप्रमाणे चार-सहा जण पुढे आले, शंका विचारल्या, गेले. त्यांच्या मागे एक गृहस्थ थांबले होते. सगळे गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "सर, माणसाची नजर कुठे जाते, किती वेळ थांबते, हे आता यंत्रानं मोजता येतं असं तुम्ही म्हणालात. आमचा मुलगा २१ वर्षांचा आहे. तो म्हणतो, मी समलैंगिक आहे. आता त्याचं ऐकायचं की नाही, आम्हाला कळत नाही. अशी एखादी टेस्ट करून घेता येईल का? म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी याच विषयावर बोलतो. नाव न घेता प्रश्न मांडायला त्यांनी परवानगी दिली आहे. म्हणून आजचा विषय : लैंगिक कल आणि नजर. मानसशास्त्रानं या दोहोंचा संबंध कसा शोधला, काय सापडलं, आणि जे सापडलं त्याचा उपयोग एखाद्या माणसाची परीक्षा घ्यायला करता येतो का.

उत्तर 'नाही' असं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण नुसतं 'नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, अजून चांगलं यंत्र निघालेलं नसेल, उद्या निघेल. तसं ते नाही. का नाही, हे समजून घेण्यासाठी हा पाऊण तास.

लक्ष जातं, लक्ष देतो

आधी डोळ्याविषयी थोडं. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं दृश्य आपण एकसारखं स्पष्ट पाहतो. तसं नसतं. हात पुढे लांब करा आणि अंगठ्याचं नख पाहा. साधारण तेवढाच भाग आपल्याला अगदी बारकाईनं दिसतो, बाकीचं कमी-अधिक धूसर असतं. म्हणून डोळा एका जागी राहत नाही. सेकंदाला तीन-चार वेळा तो उडी मारतो, टेकतो, पुन्हा उडी मारतो. या उड्या आणि हे टेकणं कॅमेऱ्यानं टिपता येतं. डोळा कुठे टेकला, किती वेळ टेकला, पहिल्यांदा कुठे गेला, यावरून संशोधक अवधानाचा अंदाज बांधतात.

आता आपली भाषा काय म्हणते बघा. आपण म्हणतो, "माझं लक्ष गेलं." आणि आपण म्हणतो, "मी लक्ष दिलं." पहिल्या वाक्यात कर्ता लक्ष आहे, दुसऱ्यात कर्ता मी आहे. मानसशास्त्रातही हाच भेद आहे. रस्त्यात फटाका वाजला की मान वळते, ते लक्ष जाणं. हरवलेली किल्ली शोधताना आपण टेबल नजरेनं पिंजून काढतो, ते लक्ष देणं. अडचण अशी की कॅमेऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. डोळा अमुक ठिकाणी अमुक वेळ होता, एवढीच त्याची नोंद. तो तिथे गेला की नेला, हे त्या नोंदीत लिहिलेलं नसतं.

मॉस्कोतले संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. त्यांचं पुस्तक रशियन भाषेत १९६५ साली आलं, इंग्रजीत १९६७ साली. त्यांनी चित्रकार इल्या रेपिन यांचं एक चित्र घेतलं. घरात मंडळी बसली आहेत आणि दारातून एक माणूस अनपेक्षितपणे परत आला आहे, असा प्रसंग. एकाच माणसाला हे एकच चित्र वेगवेगळ्या सूचना देऊन दाखवलं. या लोकांची वयं सांगा म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली. घरची परिस्थिती कशी आहे म्हटल्यावर तीच नजर कपड्यांवर आणि सामानावर गेली. चित्र तेच, डोळे तेच, पण नजरेची वाट दर वेळी निराळी.

हे लक्षात ठेवा. मनात त्या घडीला जो प्रश्न असतो, त्याच्यामागे नजर जाते. माणसाच्या कायमच्या स्वभावाचा तो फोटो नव्हे.

बाहुलीची गोष्ट

आता मुख्य विषयाकडे येऊ. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात एकहार्ड हेस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी. एके रात्री ते पलंगावर पडून प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचं पुस्तक चाळत होते. पत्नीनं पाहिलं आणि म्हणाली, उजेड कमी आहे वाटतं, तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या फारच मोठ्या झाल्यात. उजेड तर पुरेसा होता. हेस विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला, जेम्स पोल्ट यांना, काही चित्रं दाखवली. बहुतेक निसर्गदृश्यं, आणि मध्येच एक चित्र आकर्षक तरुणीचं. त्या चित्राला पोल्ट यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. यातून १९६० साली दोघांचा निबंध आला : माणसाला ज्यात रस असतो ते पाहताना बाहुली मोठी होते.

पुढे १९६५ साली हेस आणि सहकाऱ्यांनी समलैंगिक आणि भिन्नलैंगिक पुरुषांवर हाच प्रयोग केला. प्रत्येक गटात पाच माणसं. पुन्हा सांगतो, पाच. भिन्नलैंगिक गटाच्या बाहुल्या स्त्रियांच्या चित्रांना जास्त मोठ्या झाल्या, समलैंगिक गटाच्या पुरुषांच्या चित्रांना. निबंधाच्या नावातच त्यांनी हा प्राथमिक अभ्यास आहे असं म्हटलं होतं. पण अशा निबंधातलं 'प्राथमिक' लवकर गळून पडतं आणि 'डोळा खोटं बोलत नाही' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

यात आम्हीही होतो. आम्ही तर्कशास्त्र शिकवायचो. तरुणपणी ग्रंथालयात हेस यांचा लेख वाचला आणि वर्गात 'वस्तुनिष्ठ पुरावा' शिकवताना हमखास त्याचं उदाहरण द्यायचो. म्हणायचो, "तोंड खोटं बोलेल, पण डोळ्यातली बाहुली कशी खोटं बोलेल?" वर्ग हसायचा. आम्हालाही बरं वाटायचं.

पुष्कळ वर्षांनी एक जुना विद्यार्थी भेटला. चांगला पन्नाशीला आलेला. बोलता बोलता म्हणाला, "सर, तुम्ही ते बाहुलीचं उदाहरण दिलंत ना, त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागलो. समोर फक्त फळा दिसावा म्हणून." आम्हाला आधी अर्थच कळला नाही. मग कळला. तो म्हणाला, दहावीपासूनच नजर सांभाळायला शिकलो होतो, पण त्या दिवशी वाटलं की आता नजर सांभाळूनही भागणार नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही. आजचं व्याख्यान त्या विद्यार्थ्याचंही देणं आहे.

नंतर काय सापडलं

हेस यांच्या प्रयोगात त्रुटी होत्या म्हणून विषयच खोटा, असं मात्र नाही. पुढच्या काळात हा अभ्यास बराच काटेकोर झाला.

२००६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. एका डोळ्यासमोर नग्न व्यक्तीचं चित्र आणि दुसऱ्या डोळ्यासमोर सतत बदलणारा रंगीत ठिपक्यांचा गोंधळ. अशा वेळी मेंदूला फक्त गोंधळ जाणवतो, चित्र दिसल्याचं माणसाला कळतही नाही. तरीसुद्धा चित्र ज्या बाजूला होतं, त्या बाजूला लक्ष ओढलं गेलं की नाही, हे नंतरच्या एका छोट्या चाचणीवरून दिसलं. भिन्नलैंगिक पुरुषांचं लक्ष न दिसलेल्या स्त्रीचित्राकडे ओढलं गेलं, भिन्नलैंगिक स्त्रियांचं पुरुषचित्राकडे. समलैंगिक पुरुषांचा कल या स्त्रियांसारखा दिसला. म्हणजे 'लक्ष जाणं' हे किती खोलवर घडतं, जाणिवेच्याही आधी, हे या प्रयोगानं दाखवलं.

२०१२ साली गेरुल्फ रीगर आणि रिच सॅव्हिन-विल्यम्स यांनी ३२५ स्त्री-पुरुषांच्या बाहुल्या मोजल्या. पुरुषांमध्ये बाहुलीचा प्रतिसाद आणि त्यांनी स्वतः सांगितलेला लैंगिक कल यांचा सरासरीनं चांगला मेळ बसला. स्त्रियांमध्ये चित्र निराळं होतं. ज्या स्त्रियांनी स्वतःला भिन्नलैंगिक म्हटलं, त्यांच्या बाहुल्या सरासरीनं स्त्री आणि पुरुष दोघांच्या चित्रफितींना प्रतिसाद देत होत्या. मग या स्त्रिया स्वतःविषयी चुकीचं सांगत होत्या का? संशोधकांनी तसा निष्कर्ष काढला नाही, आणि तो काढताही येत नाही. शरीर एखाद्या लैंगिक दृश्याची दखल घेतं, आणि माणसाला कुणाची ओढ वाटते, या दोन गोष्टी एकच नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

तर शास्त्राचा निर्वाळा असा : गटांची सरासरी काढली तर नजर आणि लैंगिक कल यांचा संबंध दिसतो. तो खरा आहे. आता प्रश्न पुढचा. या संबंधावरून एका माणसाविषयी अनुमान करता येईल का?

धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

इथे आपले नैयायिक कामाला येतात. 'डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे' हे त्यांचं आवडतं उदाहरण. जिथे धूर तिथे अग्नी, या नित्यसंबंधाला ते व्याप्ती म्हणतात. व्याप्ती असेल तर अनुमान पक्कं. पण हेच उलट केलं तर? 'डोंगरावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.' नैयायिक म्हणतात, हे चुकलं. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर कधी असतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. हे ओलं लाकूड म्हणजे 'उपाधी'. मधली गुपचूप बसलेली अट. ती ओळखली नाही तर अनुमान फसतं.

आता बाहुलीकडे या. ओढ वाटली की बाहुली मोठी होते, मानलं. पण बाहुली मोठी झाली म्हणजे ओढ वाटली, हे उलट अनुमान आहे. बाहुली मोठी व्हायला कारणं किती? पहिलं कारण उजेड. चित्र जरा काळपट असलं की बाहुली फाकते. उजेडानं होणारा बदल काही मिलिमीटरचा असू शकतो, भावनेमुळे होणारा बहुधा मिलिमीटरच्या एखाद्या अंशाचा. म्हणजे ढोलाच्या आवाजात कुजबुज ऐकण्यासारखं आहे. दुसरं कारण भीती, संकोच, ताण. तिसरं कारण डोक्याला पडलेलं काम. डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ साली दाखवलं की नुसती आकड्यांची रांग लक्षात ठेवायला सांगितली तरी जसजसे आकडे वाढतात तसतशी बाहुली मोठी होते. आकड्यांविषयी कुणाला ओढ वाटते म्हणून नव्हे!

आणि विचार करा, 'तू समलैंगिक आहेस का ते बघायचंय' म्हणून एखाद्या मुलाला यंत्रासमोर बसवलं, तर त्या खोलीत भीती, संकोच आणि मनावरचा भार, सगळंच हजर असणार. म्हणजे लाकूड ओलंच असणार. धूर निघेल, पण तो कशाचा हे कोण सांगणार?

नजरेच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. नजर सांभाळता येते. आपल्याकडे कितीतरी मुली 'नजर खाली ठेव' ऐकतच मोठ्या होतात. आमचा तो पहिल्या बाकावरचा विद्यार्थी तेच करत होता. कुणी आवडलं म्हणून बघतं, कुणी आवडलं म्हणूनच बघायचं टाळतं. उपाधी मोजायला लागलो तर यादी संपत नाही.

कॅनडातलं यंत्र

हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असतं तर एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. पण तसं झालं नाही.

शीतयुद्धाचा काळ. कॅनडा सरकारला वाटलं की सरकारी नोकरीतल्या समलैंगिक लोकांना शत्रुराष्ट्रं धमकावून गुपितं काढून घेतील. म्हणून अशा लोकांना हुडकून काढायची मोहीम सुरू झाली. आता ओळखायचं कसं? कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक रॉबर्ट वेक यांच्याकडे हे काम गेलं. त्यांनी ज्या चाचण्या सुचवल्या त्यांत बाहुलीची चाचणी मुख्य होती. माणसाला बसवायचं, स्त्री-पुरुषांची चित्रं दाखवायची, बाहुल्यांचे फोटो काढायचे. या यंत्राला तिथल्या पोलिसांत 'फ्रूट मशीन' असं टिंगलीचं नाव पडलं. 'फ्रूट' हा समलैंगिक पुरुषांसाठी वापरला जाणारा हिणकस शब्द.

यंत्र कधीच धड चाललं नाही. चित्रांचा उजेड सारखा करता येईना, बाहुलीतला बारीक फरक फोटोवरून मोजता येईना. शिवाय तुलनेसाठी 'सामान्य' माणसं हवी होती, आणि पोलिसांतले जवान त्या खुर्चीत बसायला तयार होईनात, न जाणो यंत्रानं भलतंच काही दाखवलं तर! १९६७ साली प्रकल्प गुंडाळला. मोहीम मात्र थांबली नाही. चौकश्या, पाळत, शेजाऱ्यांकडून माहिती, या जुन्याच मार्गांनी लोकांना नोकरीवरून काढणं पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत या सगळ्याबद्दल माफी मागितली.

यात आम्हाला एक गोष्ट फार बोचते. यंत्र फसलं, पण यंत्रामागची कल्पना फसली असं त्या काळी कुणाला वाटलं नाही. फक्त उजेड नीट जुळला नाही, एवढंच वाटलं असणार. म्हणून आपण जरा पुढे जाऊ. समजा, उजेड जुळला. समजा, यंत्र चांगलं आहे. मग?

शंभरातले नव्वद बरोबर

एक छोटं गणित करू. आकडे आम्ही उदाहरणापुरते धरले आहेत, कुठल्याही पाहणीचे नाहीत. समजा, एका कचेरीत १,००० पुरुष आहेत, त्यांत ४० समलैंगिक. आणि समजा, यंत्र शंभरात ९० वेळा बरोबर सांगतं. कुणीही म्हणेल, वा, छान यंत्र आहे.

४० पैकी ३६ जणांना यंत्र बरोबर ओळखेल. उरलेल्या ९६० पैकी दहा टक्के, म्हणजे ९६ जणांना ते चुकून समलैंगिक म्हणेल. यंत्रानं बोट दाखवलेले एकूण किती? १३२. त्यांतले खरे किती? ३६. चारामागे साधारण एक. बाकीचे तिघं उगाच. ९० टक्के अचूक म्हणता म्हणता ही गत होते, कारण ज्यांना शोधायचं ते थोडे आणि बाकीचे पुष्कळ.

आणि समजा हे गणितही सुधारलं. तरी त्या ३६ जणांचा काय गुन्हा होता, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर गणितात नाही.

कुणाचा शब्द?

त्या गृहस्थांच्या घरातली गोष्ट मात्र कचेरीसारखी नाही. तिथे मुलगा स्वतःच सांगतोय. मग यंत्र काय करणार? दोनच शक्यता. यंत्र म्हणालं, "मुलगा म्हणतो ते बरोबर", तर नवं काही कळलं नाही. यंत्र म्हणालं, "चूक", तर विश्वास कुणावर ठेवायचा?

इथे आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ. नजर मोजून लैंगिक कल ओळखता येतो, हे संशोधकांना कसं कळलं? त्यांनी आधी लोकांना विचारलं. एक फॉर्म दिला : तुम्हाला कुणाची ओढ वाटते? फक्त स्त्रियांची, बहुतेक स्त्रियांची, दोघांची, फक्त पुरुषांची? लोकांनी खूण केली. मग यंत्राचे आकडे त्या खुणांशी जुळवले. जुळले, तेव्हा म्हणाले की यंत्र बरोबर. म्हणजे यंत्राची सगळी पत उभी आहे ती माणसांनी स्वतःविषयी दिलेल्या शब्दावर. आता त्याच यंत्राच्या जोरावर आपण एखाद्याला म्हणायचं, "तुझा शब्द खोटा"? आपल्या तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. शब्दाच्या आधारानं यंत्र खरं, आणि यंत्राच्या आधारानं शब्द खोटा.

कुणी चाणाक्ष श्रोता इथे हात वर करेल. म्हणेल, सर, थर्मामीटरचंही असंच नाही का? सुरुवातीला हाताला काय गरम, काय गार लागतं त्यावरूनच ते बरोबर की चूक ठरवलं. आज मात्र हाताला काहीही वाटो, आपण थर्मामीटरवर विश्वास ठेवतो. आक्षेप चांगला आहे.

पण थर्मामीटरला ती पत कशी मिळाली? पारा फुगतो, हवा फुगते, पाणी उकळतं, बर्फ वितळतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक गोष्टी एकाच उत्तरावर येऊन मिळाल्या. इथे तसं होत नाही. बाहुली, चित्रावर रेंगाळलेला वेळ, शरीराची उत्तेजना, ही मापं एकमेकांशीही नेहमी जुळत नाहीत, आणि स्त्री-पुरुषांत त्यांची तऱ्हाही वेगळी. शिवाय ताप ही शरीराची त्या घडीची अवस्था आहे. लैंगिक कल म्हणजे आयुष्यभर कुणाची आस लागते, कुणाबरोबर घर करावंसं वाटतं, कुणाच्या जाण्यानं पोटात खड्डा पडतो. चार सेकंदांच्या चित्रावर ते कसं मावणार?

असा शब्द खोटा ठरवायला गेलं की काय होतं, याचं एक ताजं उदाहरण सांगतो. ते नजरेचं नाही, शरीराची उत्तेजना मोजण्याचं आहे, पण धडा तोच. २००५ साली एक निबंध आला. उभयलैंगिक म्हणवणाऱ्या पुरुषांची शरीरं स्त्री आणि पुरुष दोघांना सारखा प्रतिसाद देताना दिसली नाहीत, असं त्यात होतं. एका मोठ्या अमेरिकन वर्तमानपत्रानं 'समलैंगिक, भिन्नलैंगिक की खोटारडे?' अशा अर्थाचा मथळा दिला. किती लोकांना तो वाचून आपल्याच मनाविषयी शंका आली असेल! २०११ साली त्याच विद्यापीठात, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्नमध्ये, माणसं अधिक काळजीपूर्वक निवडून अभ्यास पुन्हा केला, तर उभयलैंगिक पुरुषांत दोन्ही प्रतिसाद दिसले. २०२० साली अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून आणखी एक निबंध आला : पुरुषांमधल्या उभयलैंगिकतेचा भक्कम पुरावा आहे. मौज म्हणजे २००५ च्या निबंधाच्या लेखकांपैकी काही जण या तिसऱ्या निबंधातही होते. त्यांनी आपली चूक सुधारली, हे शास्त्राचं मोठेपण. पण ज्यांचा शब्द होता ते पंधरा वर्षं तेच सांगत होते, हेही विसरू नये.

माणूस स्वतःविषयी चुकूच शकत नाही, असं आमचं म्हणणं नाही. माणूस लपवतो, स्वतःलाही फसवतो, कुणाला चाळिशीत उमगतं. पण त्या शब्दाची दुरुस्ती होते ती त्याच माणसाच्या पुढच्या शब्दानं. आणि तो शब्द यायला लागतो वेळ आणि निर्भयता. यंत्राच्या खुर्चीत दोन्ही नसतात.

न्यायालय आणि खिशातला फोन

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. नायजेरियातून आलेल्या एका माणसानं हंगेरीत आश्रय मागितला. कारण सांगितलं, मी समलैंगिक आहे, मायदेशी जिवाला धोका आहे. अधिकाऱ्यांनी त्याला मानसशास्त्रीय चाचण्यांना बसवलं. शाईचे डाग दाखवून काय दिसतं ते विचारलं, पावसातल्या माणसाचं चित्र काढायला लावलं, आणि यातून काही सिद्ध होत नाही म्हणून अर्ज फेटाळला. २५ जानेवारी २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला की लैंगिक कल ठरवण्यासाठी अशा चाचण्या वापरता येणार नाहीत, तो खासगी आयुष्यावरचा घाला आहे. त्याच वर्षी, ६ सप्टेंबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींचे संमतीनं असलेले समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

पण यंत्र आता प्रयोगशाळेत राहिलेलं नाही. १९५६ साली हॅरल्ड झमान्स्की या संशोधकानं माणसांना चित्रांच्या जोड्या दाखवल्या, भलतंच कारण सांगितलं, आणि कोणत्या चित्रावर किती वेळ नजर राहते ते गुपचूप मोजलं. आज तुमच्या फोनवर व्हिडिओ सरकत असतात. कोणत्या व्हिडिओवर तुम्ही किती सेकंद थांबलात याची नोंद होते आणि पुढचे व्हिडिओ त्यावरून ठरतात. झमान्स्कींना जे करायला प्रयोगशाळा लागली, ते आता खिशात चालतं. घरात एकच फोन चार जणांत फिरत असेल, तर कुणाच्या रेंगाळण्यावरून काय समोर येईल आणि ते कोण बघेल, याचा विचार करा. आणि समोर आलेल्या व्हिडिओवरून कुणाविषयी मत बनवण्याआधी ओलं लाकूड आठवा.

त्या गृहस्थांना

आता त्या प्रश्नाकडे. ते गृहस्थ आज इथे आले असतील. आम्ही त्यांना शोधत नाही आहोत, तुम्हीही मान वळवून शोधू नका.

तुम्ही टेस्ट विचारलीत. अशी टेस्ट नाही. उद्याही निघायची नाही, कारण तिला खरं-खोटं ठरवायला शेवटी तुमच्या मुलाच्या शब्दाकडेच यावं लागेल. हा आजार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली तो आजारांच्या यादीतून काढला. कुणी 'बदलून देतो' म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली अशा उपचारांना डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तुम्हाला स्वतःला हे पेलत नसेल, तर समुपदेशकाकडे जरूर जा. पण स्वतःसाठी जा, मुलाची तपासणी करायला नको.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. सोक्षमोक्ष लागलेला आहे. २१ वर्षांचा मुलगा बापासमोर उभा राहून हे बोलला. ते बोलायला त्याला किती रात्री लागल्या असतील, याचा अंदाज आम्हाला त्या पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यामुळे थोडासा आहे. तो आम्हाला सांगू शकला ते पन्नाशीत. तुमच्या मुलानं तुम्हाला आत्ताच सांगितलं, म्हणजे तुम्ही ऐकून घ्याल असं त्याला कुठेतरी वाटलं. त्याची नजर कुठे जाते हे बघायची गरज नाही. आज घरी गेलात की त्याच्याकडे बघून एकदा म्हणा, "तू सांगितलंस ते ऐकलं मी." पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल, कदाचित लगेच नाही, पण होईल.

पुढच्या वेळी आपण स्मृतीकडे वळू. ज्यांना शंका आहेत त्यांनी थांबावं. घाई नाही.